न बोलणारे बटण

त्या कार्यालयात अधूनमधून सगळे ज्ञान रद्दीत काढण्याची रीत होती. कोणीतरी कुठल्याशा परिषदेहून नवे साधन घेऊन येई, फळ्यावरच्या जुन्या नावावर काट मारी, आणि ज्या विद्येच्या जोरावर माणसे कालपर्यंत पोट भरत होती, ती सांगायचीही आज लाज वाटू लागे. मग सगळे पुन्हा पहिलीच्या बाकावर. वेबसाइट बांधण्याच्या धंद्यात याला सतत शिकणे म्हणतात. विसरण्याला इतके गोंडस नाव दुसऱ्या कोणत्याही शास्त्राने दिलेले नाही.

तिथली सर्वांत जुनी ती. पन्नाशी जवळ आलेली, आणि कोणते साधन आधी शिकलो, कोणते नंतर, हे आता आठवून सांगावे लागणारी. शिकण्याचा तिला कंटाळा नव्हता; हे आधीच नोंदवलेले बरे, कारण पुढे तिच्यावर नेमका तोच ठपका आला. यंदाचे साधन आणले होते गुरूने. गुरू हे विभागप्रमुखाचे टोपणनाव. तो तिच्याहून बराच लहान. नोकरीला लागला तेव्हा पहिले पान त्याने तिच्याच शेजारी बसून, तिलाच विचारत विचारत बांधले होते. म्हणून ती त्याला अरेतुरे करी, तो तिला मॅडम म्हणे, आणि हुकूम मात्र तो सोडी.

काम होते ध्वनिपुस्तके काढणाऱ्या एका प्रकाशन संस्थेचे. तयार ध्वनिमुद्रण ऐकून त्यातल्या चुका काढणारी माणसे संस्थेसाठी घरबसल्या राबत. कामे संस्थेच्या वेबसाइटवरच्या पानावर येत. जो आधी स्वीकारेल, त्याचे काम. बरेच दिवस काहीच न स्वीकारणाऱ्याचे नाव आपोआप गळे. या माणसांत तिचा थोरला भाऊ होता. दादा जन्मांध. कान असा तिखट, की निवेदकाने पान उलटताना घेतलेला श्वासही त्याला खटके. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा आवाज त्याच्या संगणकात होता. त्या आवाजाच्या आणि कीबोर्डच्या भरवशावर तो स्वतःचे घर स्वतः चालवी, आणि बहिणीने मदतीचा विषय काढला की फोन ठेवून देई.

सुट्ट्या खर्ची घालून ती नवे साधन शिकली, परीक्षेत पहिली आली आणि संस्थेचे पान तिने त्यात नव्याने बांधले. कौतुक ओसरायच्या आत दादाचा फोन आला. आवाज कामांची नावे वाचतो, पण ती स्वीकारायची कुठे ते सांगत नाही, असे त्याचे म्हणणे होते. येईल ते काम दुसऱ्याच्या पदरात पडत होते.

"ठमे, तुमच्याकडे बटणांचा दुष्काळ पडलाय का गं?"

"मीच बांधलंय ते पान, दादा."

"मग लवकर शोध. नाव गळायची तंबी आलीय मला."

तिने पान उघडून आतली रचना पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्या साधनाने बटण म्हणून दिले होते ते बटणच नव्हते. तो एक रंगवलेला चौकोन होता आणि त्यात बरोबरची खूण. माऊसने टोचले की चालणारा, कीबोर्डला न सापडणारा, आणि त्या वाचणाऱ्या आवाजाच्या लेखी अस्तित्वातच नसलेला. हीच चूक मागच्या साधनात होती. त्याच्या मागच्यातही होती. दोन्ही वेळा तिने ती दुरुस्त केली, सगळ्यांना समजावली, आणि दोन्ही वेळा साधनाबरोबर दुरुस्तीही अडगळीत गेली. या खेपेला आयते तुकडे जोडताना ते उघडून पाहायचे तिलाच सुचले नाही. परीक्षेत त्या चौकोनाचेही गुण तिला मिळाले होते.

गुरूने सगळे शांतपणे ऐकून घेतले. साधनाच्या पुढच्या आवृत्तीत होईल म्हणाला. तोवर चौकोनाला हात लावायचा नाही, पाने एकसारखी दिसली पाहिजेत. असे वापरणारे असून असून असणार किती, असेही त्याने विचारले. एक माझा भाऊ आहे, ती म्हणाली. त्याने चेहरा गंभीर केला.

"मॅडम, राग मानू नका. तुमचं मन अजून जुन्यातच अडकलंय."

शुक्रवारी संस्थेच्या संचालिका पान पाहायला आल्या. गुरूने ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ऐटीत फिरवून दाखवले. मग ती पुढे झाली. तिने पडदा बंद केला, माऊसची वायर उपटली, वाचणारा आवाज सुरू केला आणि कीबोर्ड गुरूपुढे सरकवला.

"आता एक काम स्वीकारून दाखव."

तो हसला. मग कळा दाबू लागला. आवाजाने एका पुस्तकाचे नाव वाचले, दुसऱ्याचे वाचले, आणि पुन्हा पहिल्यावर आला. बटण आहे तरी कुठे, असे संचालिकाबाईंनी विचारले.

"पडद्यावर आहे," गुरू म्हणाला.

संचालिकाबाईंनी त्या काळ्या पडद्याकडे पाहिले. आपले सर्वांत तयार कान कामे स्वीकारायला अचानक आळशी का झाले, याचा उलगडा त्यांना आत्ता होत होता. गुरू म्हणाला, यावर उपाय असलेले एक नवे जोडसाधन आले आहे, ते शिकून घ्यायला थोडा वेळ लागेल. त्याचे वाक्य संपायच्या आत तिने पडदा पुन्हा सुरू केला, चौकोन खोडला आणि त्या जागी साधे बटण लिहिले, प्रत्येक ब्राउझरला उपजत कळणारे. एका ओळीचे काम. त्या दुपारी दादाने एक जाडजूड कादंबरी स्वीकारली.

पुढे घडले ते या धंद्याच्या रीतीला धरूनच. पडदा बंद करून पान तपासण्याची कल्पना गुरूने एका परिषदेत आपली म्हणून मांडली, टाळ्या घेतल्या, आणि परत येताना त्यासाठीचे नवे साधन घेऊन आला. वार्षिक शेऱ्यात तिच्या नावापुढे लिहिले गेले, 'नवे शिकण्याची तयारी कमी.' म्हणून त्या साधनाच्या गुरूने काढलेल्या वर्गात पहिले नाव तिचेच घातले होते.

वर्ग भरला तेव्हा ती आपल्या जागेवर बसून इतर पानांवरचे चौकोन एकेक करून उपटत होती. गुरूने दारातून हाक मारली, मग पुन्हा मारली.

"येते," ती मान न वळवता म्हणाली. "आधी तू शिकवलेलं निस्तरते."