मधली रेस

बावीस वर्षं भागवतचा जुना ट्रक हनुमंतशिवाय कुणाचं ऐकत नव्हता. नव्या गाड्यांचं काय, क्लच दाबला की गिअर मुकाट्यानं बसतो. या गाडीला डबल क्लच लागायचा. एकदा दाबून गिअर सोडवायचा, क्लच सोडून मध्ये बेतानं रेस द्यायची, पुन्हा दाबायचा आणि मग खालचा गिअर घालायचा. भरल्या गाडीत मधली रेस चुकली, की गिअरबॉक्स असा खरखरायचा की रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

यंदा हनुमंत डोळ्यांच्या तपासणीत अडकला. लायसन पुढं वाढलं नाही आणि भागवतनं किल्ली नव्या ड्रायव्हरच्या, कानिफनाथच्या हातात दिली. वर, "नाना, तुमीच शिकवा त्याला," असंही म्हणाला. हनुमंत हसून हो म्हणाला, पण आतून पार जळून गेला.

पोरगं तिशीचं, हाताला हलकं. तीन दिवसांत ते गाडीला अगं-तुगं करायला लागलं. हनुमंतची बायको लंकाबाई डबा घेऊन आली तेव्हा कौतुकानं म्हणाली, "हात लई मऊ हाय बरं का ह्याचा." बावीस वर्षांत हनुमंतच्या हाताबद्दल ती अशी कधी बोलली नव्हती. त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली नाही.

"नाना, आजून काय ध्यानात ठिवायचं?" कानिफनाथनं विचारलं.

"काय न्हाई. दोनदा क्लच मार, झालं."

मधली रेस त्यानं गिळून टाकली. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर, वेग पडला की गिअर तसाही बसायचा, म्हणून पोराला संशय आला नाही. हनुमंतचा हिशोब साधा होता. उसानं भरली गाडी साखर कारखान्याच्या गेटवर हळू करताना गिअर ओरडेल, चारचौघांत पोराची शोभा होईल आणि भागवत म्हणेल, नानाशिवाय जमायचं नाही.

भागवतच्या घरी एक रीत होती. हंगामाच्या पहिल्या खेपेला ड्रायव्हरच्या बायकोनं स्टेअरिंगला कुंकू लावायचं आणि गाडीत बसून कारखान्यापर्यंत जायचं. कानिफनाथचं लग्न व्हायचं होतं. त्यामुळं यंदाही मान लंकाबाईचाच. नवं लुगडं नेसून ती त्या पोराशेजारी चढली तेव्हा हनुमंत मुद्दाम शेतात निघून गेला. बघवतच नव्हतं त्याला.

थोड्या वेळानं भागवत बांधावर आला. "गाडी गेली बरं का, नाना. पुलाचं काम चाललंय, म्हणून कालव्याच्या उतारानं धाडली."

हनुमंतनं उताराकडं बघितलं. त्या उतारावर भरली गाडी दुसऱ्या गिअरमध्येच उतरवायची असते. तिसरा सोडवला आणि दुसरा बसला नाही, तर गाडी मोकळी सुटते, आणि खाली वळणालाच कालवा. तो उसाच्या फडातून धावत सुटला. पाचट पायाला कापत होतं. लंका, लंका, एवढंच तोंडात येत होतं.

तो उताराच्या तळाशी पोचला तेव्हा ट्रक माथ्यावर आला होता. इंजिनचा आवाज पडला. हनुमंतनं डोळे मिटले. मग एक छोटी, बेताची रेस ऐकू आली आणि दुसरा गिअर कुरकुर न करता बसला. इतका गोड त्याच्या हातूनही कधीकधीच बसायचा. त्या क्षणीसुद्धा त्याला पोराचा हेवा वाटला, आणि त्याची त्याला लाज वाटली.

ट्रक त्याच्याजवळ थांबला. कानिफनाथ खिडकीतून म्हणाला, "नाना, मधी रेस द्यायची आसती, हे सांगायचं इसरलात व्हय? काकीनं सांगितलं म्हणून वाचलो."

इतकी वर्षं शेजारी बसून लंकाबाईच्या कानाला त्या गाडीची सवय झाली होती. तिनं हनुमंतकडं बघितलं. पायाचं रक्त, धापा, सगळं बघितलं. ती सगळं ओळखून होती.

"व्हय," ती म्हणाली. "इसरले ते."

मग ती आत सरकली आणि तिनं त्याला जागा करून दिली. हनुमंत पहिल्यांदाच त्या बाजूनं चढला. पुढचा चढ आला तसा त्याचा डावा पाय रिकाम्या पत्र्यावर दोनदा दाबला गेला. लंकाबाईनं त्या पायाकडं बघितलं आणि तोंड समोरच्या काचेकडं फिरवलं. कारखाना येईपर्यंत ती पोराच्या बाजूला सरकूनच बसली.