थोरल्याचं हसू

मित्रांनो, मी दाढीचा एक जुना आरसा. पत्र्याची चौकट, मागे तारेचा पाय आणि कडेचा पारा उडालेला. माझ्यात बघून लोक भांग पाडतात, दात तपासतात, पण माझ्याकडे असं कुणी बघत नाही. आज संध्याकाळी गावातल्या चित्रपट महोत्सवात आमच्याच घरावरचा चित्रपट लागणार आहे आणि सकाळपासून मला त्याची धास्ती वाटत होती.

या घरातल्या वडिलांनी मला बाजारातून आणलं. त्यांच्यामागे त्यांची दोन मुलं माझ्यासमोर दाढी करू लागली. थोरला रंगाच्या कारखान्यात कामाला होता. धाकट्याला कोपराने ढकलून तो पुढे घुसायचा. "तुला कुठे दाढी आलीय? मांजराला जास्त मिश्या असतात!" असं म्हणायचा आणि हसायचा. त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता. ओठ एका बाजूला दुमडून तो हसायचा. ते हसू मी रोज पाहिलं आहे.

मग एके दिवशी कारखान्यातला बॉयलर फुटला. सकाळी कामावर गेलेला थोरला परत आलाच नाही. त्या दिवसापासून आईने हसणं सोडलं.

धाकटा चित्रकार झाला. भावाच्या शेवटच्या दिवसावर त्याने चित्रकादंबरी काढायला घेतली आणि मला आपल्या टेबलावर मांडलं. थोरल्याचा एकच फोटो होता, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, आणि तसल्या फोटोत कुणीही चोरच दिसतो. म्हणून धाकटा माझ्यासमोर स्वतःचीच तोंडं करायचा. घाबरायचा, चिडायचा, धुरात गुदमरायचा आणि दिसेल ते कागदावर उतरवायचा. दोघांची चेहरेपट्टी सारखी, त्यामुळे ते साधलं. हसू मात्र काही केल्या जमेना. ओठ वाकवून वाकवून गाल दुखायला लागले, तेव्हा त्याने हात टेकले. त्या कादंबरीत थोरला कुठेच हसत नाही.

गंमत बघा, कौतुक झालं ते त्याचंच! 'न हसणारा नायक' म्हणून समीक्षकांनी रकाने भरले. बक्षिसं मिळाली, चित्रपट निघाला. त्यातला नटही पुस्तक बघूनच तयार झालेला, शेवटपर्यंत मख्ख. धाकट्याने तो चित्रपट आधीच पाहिला आहे आणि तेव्हापासून त्याला घास गोड लागत नाही.

कारण आई. पुस्तक तिने कधी उघडलंच नाही, कपाटात कपड्यांखाली ठेवून दिलं. "चित्रातला हलतो का बोलतो? सिनेमातला हसेल तरी," असं ती शेजारणींना सांगत सुटली होती. आज तर ती दुपारपासूनच नव्या चपला घालून बसली होती.

शेवटी धाकट्याने धीर केला. "आई, तो त्यात हसत नाही गं. मला त्याचं हसू काढताच आलं नाही."

आई म्हणाली, "मग मला विचारायचंस ना रे!"

"तुला त्रास नको म्हणून..."

तिने मला उचलून समोर धरलं. "तो दात लपवतो, असं सगळ्यांना वाटायचं. अरे, हसायला तो माझ्यावर गेला होता. हे बघ." तिने ओठ एका बाजूला दुमडला आणि माझ्यात थोरला हसला. अगदी तोच! धाकट्याने पेन्सिलीकडे झेप घेतली, पण तोवर तिचा ओठ थरथरू लागला होता. "आता नाही जमायचं," ती म्हणाली आणि तिने चपला काढल्या. "तू जा. मला नाही बघायचा तो."

धाकटा एकटाच गेला.

मित्रांनो, मला पुसा, नाहीतर अडगळीत टाका, माझं काही म्हणणं नाही. पण गेलेल्या माणसाबद्दल काही विचारायचं असेल, तर मला विचारू नका. मी फक्त समोर असेल तेवढंच दाखवतो. त्या माणसाला वाढवणारं कुणीतरी पलीकडच्या खोलीत बसलेलं असतं, त्याच्याजवळ जाऊन बसा. धाकट्याने इतकी वर्षं मला विचारलं, तिला एकदाही विचारलं नाही.

आता मी तिच्या मांडीवर आहे. ती पुन्हा पुन्हा ओठ दुमडून बघते आहे. अजून जमलेलं नाही.