चाक खाली किती यावं

कंपवाताने शिंपीकाकांचं दुकान बंद पाडलं. विरंगुळा म्हणून रिमोटची गाडी तेवढी उरली होती. पण उडीनंतर तिचं पोट जमिनीवर आपटायचं; चाकं आणखी खाली यायला हवी होती. थरथरत्या हाताने त्यासाठीच्या स्क्रूच्या खाचेत पेचकस बसेना. शेवटी गाडीला जन्मभर सवत म्हणणारी काकूच गुडघे टेकून बसली.

“किती फिरवू?”

“अर्धा आटा सैल कर.”

अंगणातल्या फळीवरून उडालेली गाडी मांजरासारखी अलगद उतरली. दोघं हसली. तेवढ्यात काकांचा अंगठा थरथरला आणि गाडी भिंतीवर आदळून मोडली.

“मी जुळवते परत,” काकू म्हणाली.

“गाडी जुळेल गं,” म्हणत काकांनी रिमोट तिच्या मांडीवर ठेवला. तो त्यांनी पुन्हा हाती घेतला नाही.