मलमाचा लेख

मी एक जुने टेबल आहे. मित्रांनो, माझ्यावर कधी कोणी जेवले नाही की पत्ते खेळले नाहीत. माझे सारे आयुष्य एका वैद्यकीय संशोधन मासिकाच्या कार्यालयात गेले. मी इतके लांबरुंद होते की सुताराने मला त्या खोलीतच जोडले.

डॉक्टर मंडळी आपले संशोधन लिहून पाठवत. छापण्याआधी प्रत्येक लेख त्या विषयातल्या दोन परक्या जाणकारांकडे जाई. ते खोट काढत, शंका विचारत. बरेच लेख परत जात. "आपलं वाचून कुणीतरी औषध देणार आहे," संपादकबाई नव्या माणसांना सांगत. मला त्या खोलीचा अभिमान वाटे.

एकदा बाईंच्या धाकट्या भावाचा लेख आला. तोही डॉक्टर होता. भाजलेल्या मुलांच्या जखमा एका नव्या मलमाने लवकर भरतात, असे त्याने लिहिले होते. बाईंनी लेख उघडलाही नाही. "माझा भाऊ आहे. तुम्हीच बघा," म्हणत त्यांनी तो सहसंपादकांकडे सरकवला.

सहसंपादक भिडस्त होते. बाईंना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी तो भावाच्याच दोन दोस्तांकडे तपासायला धाडला. लेख झटपट छापून आला. बाईंना यातले काही ठाऊक नव्हते.

पुढल्या वर्षी दुसऱ्या रुग्णालयातली एक डॉक्टरीण आली. तिने मासिक माझ्यावर उघडून ठेवले.

"हे मलम आम्ही मुलांना लावलं. जखमा चिघळल्या. म्हणून लेख पुन्हा वाचला. हे दोन फोटो बघा. दोन मुलं म्हणून छापलेत, पण हात एकच आहे. फोटो नुसता उलटा केलाय."

"मुलं कशी आहेत?" बाईंनी विचारले.

"सावरताहेत. एका मुलीची बोटं आखडली. ती सरळ होतील असं वाटत नाही."

ती गेल्यावर सहसंपादक पुटपुटले, "फोटोची चूक म्हणून एक छोटीशी दुरुस्ती छापू."

"तपासायला कुणाकडे दिला होता?"

त्यांनी खाली मान घालून सांगितले. बाईंनी चौकशी बाहेरच्या तिघा तज्ज्ञांवर सोपवली आणि स्वतः त्यातून बाजूला झाल्या.

दोन दिवसांनी भाऊ आला. मी तिथेच होते.

"ताई, तू एक शब्द टाकलास तर मिटेल. माझी नोकरी जाईल गं."

"मूळ फोटो असतील तर त्या तिघांना दे."

भाऊ माझ्या कडेवरून नख फिरवत राहिला. फोटो नव्हतेच.

"मग मी काय बोलू?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता.

लेख मागे घेतला गेला. पहिल्याच पानावर कारण छापले, आणि तपासणीत कार्यालयाने हयगय केली, हेही छापले. भावाची नोकरी गेली. त्याने बहिणीच्या घरी पाऊल टाकणे सोडले. बाई मात्र रोज वेळेवर येत, लेख वाचत.

काही वर्षांनी त्याचा दुसरा लेख आला. एका लहानशा दवाखान्यात राहून त्याने ते मलम आधीच लावलेल्या रुग्णांच्या सगळ्या नोंदी नीट ठेवल्या होत्या. त्या मलमाने जखम भरत नाही, उलट चिघळते, असे त्याने लिहिले होते. या वेळी दोन कडक परक्यांनी लेख तपासला. बाईंना तो इतरांसारखा छापून आल्यावरच वाचायला मिळाला. त्यांनी तो उभ्याने वाचला. मग फोन उचलून त्या एवढेच म्हणाल्या, "घरी ये."

आता सारे काम पडद्यावर चालते. माझे पाय सोडवून मला वऱ्हांड्यात आणले. माझ्यावर दप्तरे आणि ओल्या छत्र्या पडतात. मला त्याची तक्रार नाही. मित्रांनो, तुम्हीही उद्या काही शोधाल, लिहाल, तपासाल. नात्यातल्या माणसाचे लिखाण परक्याच्या हाती द्या, आणि परक्याला मोकळेपणाने नाही म्हणू द्या. त्या मुलीची बोटे अजून वाकडीच आहेत.