दोन जाळ्यांची शेकोटी

मी एक जुनी फायरप्लेस, म्हणजे घराच्या भिंतीत बसवलेली शेकोटी, आहे. विटांची नव्हे, पोलादी पत्र्याची. हा भेद पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण तो लक्षात न घेतल्यामुळे एक घर जळता जळता वाचले. तो भेद कोणी सांगितला नव्हता असे मात्र नाही. तो छापलेला होता. पृष्ठ सातवर, ठळक अक्षरांत.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, सांधला, काळा रंग दिला, आणि मी तयार झाले. माझी रचना साधी आहे. एका डब्याच्या आत दुसरा डबा, आणि दोहोंच्या मध्ये हवेची पोकळी. आतल्या डब्यात लाकूड जळते. खोलीतली गार हवा माझ्या खालच्या जाळीतून आत शिरते, पोकळीतून मागे जाते, तापते आणि वरच्या जाळीतून पुन्हा खोलीत येते. येता येता ती बाहेरच्या पत्र्याची उष्णता घेऊन जाते. त्यामुळे घराची लाकडी चौकट माझ्यापासून जेमतेम दोन बोटांवर सुखाने उभी राहू शकते. माझ्या नमुन्यातल्या एका भावंडाला प्रयोगशाळेत लाकडी भिंतीत बसवून तासन्‌तास जाळले आणि त्या लाकडाचे तापमान मोजले. ते ठरलेल्या मर्यादेत राहिले, म्हणून आम्हा बाकीच्यांना विक्रीचा परवाना मिळाला.

विटांच्या शेकोटीचे वजन काही टन भरते. तिला स्वतःचा पाया लागतो, कुशल गवंडी लागतो आणि काही आठवडे लागतात. मला दोन माणसांनी उचलले, साध्या लाकडी जमिनीवर ठेवले, आणि संध्याकाळपर्यंत माझे पत्र्याचे धुराडे छपराबाहेर निघाले होते. खर्च विटांच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. मी फार मोठी ऊब देते असा माझा दावा नाही. कोणत्याही उघड्या शेकोटीची बरीचशी उष्णता धुराड्यावाटे आकाशात जाते. पण ज्यांना विटांची शेकोटी परवडत नाही त्यांच्या घरात मी आग आणली, एवढे श्रेय मला द्यायला हरकत नसावी.

ते मात्र मला कधी मिळाले नाही.

एकोणीसशे एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात, रूडी झुपानच्या नव्या घरात आले. रूडी खाणीत मालाचे अजस्र ट्रक चालवी. त्याची बायको मार्लिस खाणीच्याच प्रयोगशाळेत खनिजाचे नमुने तपासत असे. रूडीचे वडील लुडविक तरुणपणी स्लोव्हेनियाहून आले होते. त्यांनी चाळीस वर्षे गवंडीकाम केले होते आणि गावातली निम्मी धुराडी त्यांच्या हातची होती. ते मला पाहायला आले, तेव्हा त्यांनी बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केली. पत्र्याचा जो आवाज यायचा तो आला.

"हा काय, पाव ठेवायचा डबा आणलास होय रे?"

"बाबा, परवडण्यासारखं हेच होतं," रूडी म्हणाला.

"मला सांगायचं होतंस. फुकट बांधून दिली असती."

रूडीने त्यांच्या हातांकडे पाहिले आणि नजर वळवली. लुडविकच्या बोटांचे सांधे सुजून गाठीसारखे झाले होते. मूठ पुरती मिटत नव्हती. गेल्या दोन वर्षांत त्यांना कोणी कामावर बोलावले नव्हते. या गोष्टी त्या घरात सर्वांना ठाऊक होत्या आणि कोणी बोलून दाखवत नव्हते.

माझ्यासोबत चोवीस पानांची माहितीपुस्तिका आली होती. रूडीने ती पिशवीतून काढली, पहिल्या पानावरचे चित्र पाहिले आणि स्वयंपाकघरातल्या खणात रबरबँड व जुन्या किल्ल्यांच्या सोबतीला टाकून दिली.

पहिला हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला. बाहेर उणे तीस, आत बर्चची लाकडे. माझ्या वर भिंतीला एक लाकडी फळी होती. वरच्या जाळीतून निघालेली कोमट हवा तिच्यावरून जाई. मार्लिसने ख्रिसमसच्या पोतित्साची, म्हणजे अक्रोडाचे सारण भरून गुंडाळलेल्या पावाची, कणीक तिथेच फुगायला ठेवली. ती दुप्पट झाली. सासऱ्यांनी तीन तुकडे खाल्ले आणि "वाईट नाही" असे म्हटले. झुपानांच्या घरात यापेक्षा मोठी पदवी नव्हती.

पुढच्या शरद ऋतूत लुडविक विटा घेऊन आले.

"झुपानांच्या घरात ख्रिसमसचे मोजे डब्यावर टांगायचे? लोक काय म्हणतील?" असे म्हणून त्यांनी माझ्याभोवती विटांचे तोंड बांधायला घेतले. पूर्वी दोन दिवसांचे असलेले काम त्यांना अकरा दिवस लागले. थापी हातातून निसटे. ते वाकून उचलत आणि कोणी पाहिले नाही ना, याची खात्री करून घेत. पण ओळंबा एका रेषेनेही चुकला नाही, हे मी निःपक्षपातीपणे नमूद करते. विटांविरुद्ध माझी मुळीच तक्रार नाही. पुस्तिकाही विटांना परवानगी देते. पृष्ठ सात सांगते ते इतकेच, की दोन्ही जाळ्या मोकळ्या ठेवा.

अकराव्या दिवशी त्यांनी दोन्ही जाळ्या बुजवल्या.

"बाबा, ती जाळी कशाला बंद करताय?" रूडीने विचारले.

"जाळी कसली, चाळणी ती. चाळीस वर्षांत मी एकाही शेकोटीला भोक ठेवलं नाही, आणि माझं एकही घर जळलं नाही."

दोन्ही विधाने खरी होती. त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. विटांची शेकोटी तिच्या जाडीमुळे सुरक्षित असते. मी माझ्या पोकळीमुळे. तिच्यात फट राहिली तर धोका, आणि माझी फट बुजली तर धोका. चाळीस वर्षांचे अचूक ज्ञान एका वेगळ्या वस्तूला जसेच्या तसे लावले की काय होते, याचा मी चालता-बोलता पुरावा झाले असते, जर मला चालता-बोलता आले असते.

रूडीने त्यांना पुढची वीट उचलून दिली. वडिलांच्या हातांचे हे शेवटचे काम असणार, हे त्याला दिसत होते. लुडविक प्रत्येक शेकोटीच्या शेवटच्या विटेवर खिळ्याने आपल्या नावाची दोन अक्षरे कोरत. या वेळी ती वीट माझ्या खालच्या जाळीच्या बरोबर मधोमध बसली. कामाच्या पाळीवरून परतलेल्या मार्लिसने ती अक्षरे पाहिली आणि सासऱ्यांना मिठी मारली. दिवसभर मोजमापे घेणाऱ्या त्या बाईनेही जाळ्या कुठे गेल्या, असे विचारले नाही.

त्या हिवाळ्यात मी रोज घुसमटले. अडकलेली उष्णता जायला जागा शोधते. ती मागच्या चौकटीत आणि वरच्या भिंतीत गेली. मला तोंड आहे पण वाचा नाही. पत्रा तापून ताणला गेला की टक्‌ टक्‌ वाजतो, एवढीच माझी भाषा. मी रोज संध्याकाळी वाजत होते. रूडी पाय पसरून म्हणायचा, "काय छान आवाज आहे ना? घर घरासारखं वाटतं."

ख्रिसमसची कणीक फुगली नाही.

"नॉर्वेच्या हातांनी मळलं की यीस्टसुद्धा गारठतं," लुडविक म्हणाले. मार्लिसचे आजोबा नॉर्वेचे. हा विनोद त्या घरात वर्षातून चारदा होई. मार्लिस हसली आणि तिने यीस्ट बदलले. ईस्टरला पुन्हा तेच झाले. या वेळी तिने कणकेचा गोळा उलटून पाहिला. भिंतीकडच्या बाजूला कडक पापुद्रा आला होता.

तेव्हा ती अखेर प्रयोगशाळेतल्या बाईसारखी वागली. तिने एकाच परातीत मळलेल्या कणकेचे दोन भाग केले. एक स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एक माझ्या फळीवर. टेबलावरचा फुगला. फळीवरचा मेला. मग तिने पाकासाठी वापरायचा तापमापक फळीमागच्या भिंतीला टेकवून धरला. अडुसष्ट अंश सेल्सिअस. यीस्ट त्याच्या बरेच आधी मरते. ती स्वयंपाकघरात गेली, रबरबँड आणि किल्ल्या बाजूला सारून तिने पुस्तिका काढली आणि उभ्यानेच वाचली. सातव्या पानाशी ती थांबली.

ईस्टरच्या जेवणाला लुडविक आले होते. मार्लिसने त्यांच्या ताटाशेजारी पुस्तिका ठेवली.

"बाबा, यीस्ट निर्दोष आहे. जाळ्या उघडाव्या लागतील."

लुडविकनी पुस्तिकेला हात लावला नाही. "हे लिहिणाऱ्यानं जन्मात कधी वीट लावली आहे का?"

"नसेल लावली. पण त्यानं असलाच डबा लाकडाच्या भिंतीत बसवून, जाळून बघितलाय. तुम्ही बघितलाय?"

लुडविक उठले, माझ्यापाशी आले आणि फळीवरच्या भिंतीवर त्यांनी पंजा ठेवला. त्या पंजाने आयुष्यभर तापलेल्या विटा हाताळल्या होत्या. तो काही क्षण तिथे राहिला, मग त्यांनी तो झटक्याने मागे घेतला. माझ्या मागे एक कपाट होते. त्यांनी रूडीला त्यातले कोट काढून भिंतीचा तक्ता कापायला सांगितले. आतले चौकटीचे लाकूड कडक कॉफीच्या रंगाचे झाले होते आणि त्याची एक कड काळी पडली होती. लुडविकनी ती नखाने खरवडली. नखात कोळसा आला.

लाकूड महिनोन्‌महिने तापत राहिले तर ते नेहमीपेक्षा कमी तापमानाला पेटू शकते. किती कमी, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. आणखी किती हिवाळे उरले होते, की आणखी किती दिवस, हे कोणी सांगू शकत नाही. मीही नाही. त्या कपाटाच्या पलीकडच्या खोलीत रूडी आणि मार्लिस निजत असत, एवढे मला माहीत आहे.

"छिन्नी आण," लुडविक म्हणाले.

"मी काढतो, बाबा. तुम्ही बसा."

"वीट माझी आहे. मीच काढणार."

त्यांनी छिन्नी तळहातात आडवी धरली, कारण बोटांत ती टिकत नव्हती, आणि खालच्या विटेपासून सुरुवात केली. अक्षरांची वीट निघायला जवळजवळ तास लागला. एक कोपरा उडाला. अक्षरे शाबूत राहिली. मग वरची जाळी उघडली. काळवंडलेले लाकूड रूडीने आठवड्याभरात बदलले. लुडविकनी जाळ्यांच्या कडेने विटा पुन्हा सफाईदार बसवल्या. यावर नाव कोरायचे नाही का, असे मार्लिसने विचारले. ते म्हणाले, "एकदा कोरलं तेवढं पुरे." त्यानंतर त्यांनी कुठेही वीट लावली नाही.

पुढच्या ख्रिसमसला कणीक दुप्पट झाली. शेजाऱ्यांनी माझ्यासमोर उभे राहून विटांची तोंड भरून स्तुती केली, आणि मी सवयीप्रमाणे दुर्लक्षित राहिले. तेव्हा लुडविक खुर्चीतून म्हणाले, "विटा शोभेच्या आहेत. काम तो डबा करतो."

डबा हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पण माझ्या हयातीत माझ्याविषयी कोणी उच्चारलेले हे एकमेव अचूक वाक्य आहे.

मित्रांनो, लुडविकना जाऊन आता कित्येक वर्षे झाली. माझ्या तळाला गंज चढला आहे, आतला एक तक्ता तडकला आहे, आणि माझ्या जातीचे नेमलेले आयुष्य मी केव्हाच ओलांडले आहे. मला आता पेटवत नाहीत, आणि तेच योग्य आहे. तरीही मार्लिस दर शरद ऋतूत ब्रशने दोन्ही जाळ्यांतली धूळ काढते. कोपरा उडालेली ती वीट माझ्यासमोर आहे, आणि तिच्याखाली पुस्तिका दाबून ठेवलेली आहे.

माझी भावंडे मात्र अजून हजारो घरांत पेटत आहेत. त्यांच्या जाळ्यांवर कोणी गुळगुळीत फरशी बसवली आहे, कोणी सोफा टेकवला आहे, कोणाला ती चाळणी दिसायला बरी वाटली नाही. रोज संध्याकाळी ती टक्‌ टक्‌ वाजतात, आणि माणसे पाय पसरून म्हणतात, काय छान आवाज आहे. मला याचा फार वैताग येतो. आम्ही आणखी काय करायचे होते? आम्ही बोलू शकत नाही म्हणून तर आमच्यासोबत चोवीस पाने दिली.

चोवीस पाने वाचायचा कंटाळा असेल तर एकच वाचा. सातवे.