दादाचा अनुस्वार

फोटो म्हणजे नुसता ठिपक्यांचा बाजार आणि लाकूड कोरणाऱ्या मशीनला चालायला लागते रेषा, हे मी वहिनीला सात वेळा सांगितलं. आठव्यांदा ती म्हणाली, "भाऊजी, रेषेचं तुमचं तुम्ही बघा. मला ह्यांचं अक्षर हवंय."

दादा जाण्याआधी औषधाच्या चिठ्ठीमागे तिच्यासाठी दोनच शब्द लिहून गेला होता : खंत नको. ती चिठ्ठी उशीच्या अभ्र्यासोबत धुण्यात गेली. उरला मोबाइलमधला एक हललेला फोटो, आणि कोरायला दादाच्या टेबलाची एकच फळी. चुकली की संपली.

आमच्या वर्कशॉपात कॉम्प्युटरवर बसते तिला सगळे रेषाबाई म्हणतात. तिने फोटोवरून रेषा काढून घेतली, तर एकट्या 'ख'ला नऊ हजार कोपरे! आधी प्लायवर चालवून पाहिलं. मशीन हुडहुडी भरल्यासारखं जागच्या जागी थरथरत राहिलं. 'ख' पुरा होईपर्यंत मला इतकी दाढी वाढली, की शेजारचा वेल्डर विचारायला आला, "आपण कोण?"

"आधी फोटोतले ते चिठ्ठीवरचे डाग पुसा!" मी ओरडलो.

रेषाबाईने बटण दाबलं. अक्षर लोण्यासारखं गुळगुळीत. पुन्हा प्लायवर कोरलं : खत नको.

"अनुस्वार खाल्ला की तुमच्या बटणाने!"

"त्याला तो डाग वाटला, काका. परत आणते."

आणला. सोबत चहाचे, औषधाचे, कशाकशाचे चारशे ठिपके आले, आणि 'ख'च्या डोक्यावर मात्र एकही नाही. तीन दिवस आम्ही ठिपके चाळत बसलो. शेवटी मला भिंतीवरची माशीसुद्धा अनुस्वार दिसायला लागली.

"मरू दे," मी म्हटलं. "मीच एक ठिपका ठेवून देतो. कुणाला कळणारेय?"

"मला," दारातून वहिनी म्हणाली. आत येऊन तिने चष्मा चढवला, स्क्रीनला जवळजवळ नाक लावलं आणि बोट टेकवलं. "हा."

"अहो, तो 'त'वर आहे! लोक 'खतं नको' वाचतील."

"वाचू देत. ह्यांचा अनुस्वार कायम पुढच्या अक्षरावर पडायचा. लग्नाआधी मला पत्रात 'सुदंर' लिहायचे. मी काय पत्रं परत पाठवली?"

रेषाबाईने तीनशे नव्याण्णव ठिपके पुसले, कोपरे कमी केले आणि फळी एका दमात कोरून निघाली.

वहिनीने ती गॅलरीत, कुंड्यांच्या वर लावली. दुसऱ्याच दिवशी समोरच्या इमारतीतली बाई ओरडली, "अहो, नको काय? पानं पिवळी पडलीत, घाला थोडं!"

वहिनी इतकी हसली, इतकी हसली, की दादा गेल्यापासून बंद पडलेलं ते हसू थांबू नये म्हणून मी समोर जाऊन त्या बाईला विचारून आलो, अजून काय काय पिवळं दिसतंय म्हणून.