करंजाचं तेल, जळकं ऑइल
नीलाचं डोकं नुसतं तडकलं होतं. हॉस्पिटलच्या खोलीत, हात प्लास्टरमध्ये घालून पडलेल्या स्वतःच्या आईसमोर विक्रांत बिनदिक्कत खोटं बोलत होता.

"तुझ्या तेलानेच रस्ता निसरडा झाला, यार. हेड ऑफिसला मी तसंच कळवलंय. प्रोजेक्ट बंद."

पुण्याहून गुडगावला येऊन तीन वर्षं नीला या करंजाच्या तेलामागे लागली होती. उन्हापावसात ठिसूळ झालेलं जुनं डांबर उकरायचं, त्यात हे तेल मिसळायचं, की ते पुन्हा मऊ होऊन खडीला घट्ट धरतं. नवं डांबर फारसं लागतच नाही. विक्रांतच्याच सोसायटीतला रस्ता तिने असा केला होता. झाला पक्का, पण दिसायला जरा करडा, म्हणून लोकांनी नाकं मुरडली. या नव्या गुडगावात सगळं कसं चकाचक हवं ना! कंपनीतला तिचा मॅनेजर विक्रांत तर हात धुऊन मागे लागला होता, "हेड ऑफिसचे पाहुणे रस्ता बघायला येणार आहेत, जरा काळाकुळकुळीत कर." तिने साफ नकार दिला.

आणि काल, पाहुणे यायच्या दिवशी, सकाळी दूध आणायला निघालेल्या त्याच्या आई, प्रभाकाकू, त्याच रस्त्यावर घसरल्या. नीला पोहोचेपर्यंत रस्ता साबणाने धुऊनही झाला होता.

"माझं तेल डांबरात मुरतं, वर तरंगत नाही!" नीला कडाडली. "तू वरून गॅरेजचं जळकं ऑइल फासलंस."

"प्रूफ आहे?" विक्रांतने शांतपणे विचारलं. त्या शांतपणाचीच तिला किळस आली.

"विक्रांत," कॉटवरून प्रभाकाकू म्हणाल्या, "परवा संध्याकाळी तू दाराशी बूट काढलेस, ते मी पुसले. चिंधी काळीमिच्च झाली. हाताचा गॅरेजचा वास काही केल्या जाईना. मला वाटलं, गाडी बिघडली असेल बिचाऱ्याची."

विक्रांतने बुटातले पाय मागे ओढले.

"माझा हात जुळेल रे. पण ते पाप या पोरीच्या माथी मारलंस? लाज कशी वाटली नाही? फोन लाव हेड ऑफिसला. माझ्यासमोर."

त्याने खिसे चाचपले. फोन गाडीत राहिला म्हणाला.

नीलाने स्वतःचा फोन काढला, हेड ऑफिसचा नंबर लावला आणि रिंग वाजायला लागल्यावर तो त्याच्या तोंडासमोर धरला.